घरचा साबण : छंद आणि छोटा व्यवसाय
(मालवण येथील व्याख्यानाचे शब्दांकन, शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न)

आयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी शंकराचार्यांवर किंवा फार तर चार्वाकांवर बोलेन. मी म्हटलं, साबणावर बोलतो. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "सर, साबणावर म्हणजे?" म्हटलं, अंगाला लावायच्या साबणावर. चाळीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, निवृत्त होऊन गावी आलो, घरचे चार माड, त्यांचं तेल घरात पडून राहायचं. त्यातून हा छंद लागला. आज समोर बचत गटांच्या बऱ्याच भगिनी दिसतायत, म्हणजे काहींच्या मनात यातून दोन पैसे मिळवायचंही आहे. तेव्हा साबण होतो कसा, घरी करताना काय सांभाळायचं आणि विकायचा झाला तर काय काय आलं, या तिन्ही गोष्टी सांगतो. शेवटी तुमचे प्रश्न घेऊ.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. पहिला साबण मी वाटीच्या मापाने केला. इंटरनेटवरची कृती होती, एवढ्या वाट्या तेल, एवढी वाटी कॉस्टिक सोडा. त्या माणसाने पापुद्र्यांचा सोडा वापरला होता. मला दुकानात मिळाला तो बारीक मण्यांचा. पापुद्र्यांमध्ये पोकळी राहते, मणी दाटीने बसतात. वाटी तीच, पण माझ्या वाटीत सोडा बराच जास्त गेला. साबण दिसायला सुंदर झाला, पांढरा शुभ्र. मी कौतुकाने सगळीकडे वाटला. एक वडी थोरल्या वहिनींना दिली. दोनेक महिन्यांनी त्यांच्याकडे जेवायला गेलो तर त्यांच्या बोटांची सालं निघालेली. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भावजीनू, तुम्ही एवढ्या हौसेन साबण दिलात, मगे नको कसा म्हणू?"

मंडळी, आज मला जे सांगायचं आहे ते या वाक्यात आहे. साबण चांगला की वाईट हे डोळ्यांनी कळत नाही. आंबा हातात घेऊन वास घेता येतो, बांगड्याचे कल्ले उचलून बघता येतात. साबणात सोडा उरलाय की नाही हे वापरणाऱ्याला कळतं ते कातडीला झोंबल्यावर. आणि आपल्याकडे घरच्या माणसाने दिलेली वस्तू झोंबली तरी लोक बोलत नाहीत. म्हणून कुणाची तक्रार आली नाही, यावरून आपला साबण चांगला आहे असं समजू नये. ती जबाबदारी करणाऱ्याची. ती कशी पार पाडायची, ते आता टप्प्याटप्प्याने बघू.

साबण म्हणजे काय

आपल्या आज्या भांडी राखेने घासायच्या. चुलीतली राख आणि नारळाच्या सोडणाचा तुकडा. तेलकट कढईसुद्धा स्वच्छ निघायची, का? राखेत खार असतो. पाणी लागलं की तो खार कढईतल्या तेलाशी थोडासा संयोग पावतो आणि तिथल्या तिथे चिमूटभर साबण तयार होतो. म्हणजे 'साबण' हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला खरा, पण साबणामागची क्रिया चुलीपाशी रोज होत होती. अंगाला आणि केसांना रिठा-शिकेकाई होती. तिची फेस करणारी द्रव्यं वेगळी, ती साबण नव्हे.

तेल म्हणजे रासायनिक दृष्टीने काय? ग्लिसरीनच्या एका कण्याला स्निग्धाम्लांच्या तीन लांब शेपट्या लागलेल्या असतात. कॉस्टिक सोड्याने त्या शेपट्या सुट्या होतात, प्रत्येकीला सोडियम चिकटतो आणि कणा ग्लिसरीन म्हणून मोकळा होतो. सोडियम लागलेली शेपटी म्हणजे साबण. तिचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. ती मळाला धरते आणि पाण्याबरोबर निघून जाते. तेलाची ही आतली रचना फ्रान्सच्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने उलगडली, त्याचा ग्रंथ १८२३ सालचा. त्याआधी हजारो वर्षं लोक साबण करत होतेच. काय घडतंय ते माहीत नव्हतं, इतकंच.

माझ्या जुन्या पेशाला थोडी मोकळीक द्या. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासूनच असतं. तेल तिळातून निघतं, वाळूतून निघत नाही. नैयायिक म्हणतात, तसं नव्हे, कार्य नव्याने उत्पन्न होतं. वर्गात हा वाद मी दरवर्षी शिकवायचो आणि मुलं जांभया द्यायची. साबण करायला लागल्यावर लोक मला हाच प्रश्न विचारू लागले, फक्त शब्द वेगळे. "सर, यात कॉस्टिक आहे का?" याचं खरं उत्तर असं: घातलं आहे, पण माप बरोबर असेल तर उरलेलं नाही. विरजलेल्या दह्यात दूध शोधून मिळत नाही, तसं. माप चुकलं तर मात्र ते आहे, आणि वहिनींच्या बोटांवर आहे.

माप

म्हणून पहिला नियम, वाटी-चमचा बंद. तेल, सोडा आणि पाणी, तिन्ही वजनाने. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. एक ग्रॅम खोबरेल पूर्ण साबण व्हायला साधारण ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. शेंगदाणा तेलाला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८, आपल्या कोकमाच्या बियांच्या तुपाला, म्हणजे मुठेलाला, साधारण ०.१३५. खोबरेलाला जास्त का? त्याच्या शेपट्या आखूड असतात. एका किलोत आखूड शेपट्या जास्त मावतात आणि प्रत्येकीला सोडियम हवाच. ज्यांना हे आकडे ठाऊक नाहीत ते शेंगदाणा तेलाच्या कृतीत खोबरेल घालतात, किंवा उलट करतात आणि फसतात. तेल बदललं की हिशोब पुन्हा मांडायचा.

आता उदाहरण. लिहून घ्या. खोबरेल ६०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ३०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम. एकूण एक किलो. सोडा किती? खोबरेलाला १०९.८, शेंगदाण्याला ४०.८, एरंडेलाला १२.८. बेरीज १६३.४ ग्रॅम. पण एवढा घालायचा नाही. पाच टक्के कमी करायचा, म्हणजे १५५ ग्रॅम. त्यामुळे थोडं तेल साबण न होता तसंच राहतं. ते कातडीला मऊपणा देतं आणि आपल्या हातून झालेली बारीक चूक पोटात घेतं. पाणी सोड्याच्या दुप्पट, ३१० ग्रॅम.

आता बघा, आपल्याकडे सवलत किती? आठ ग्रॅमची. काटा दहा ग्रॅमने चुकला की सवलत संपली आणि सोडा उरायला लागला. पोहे करताना दहा ग्रॅम म्हणजे काहीच नाही, इथे मात्र तेवढ्याने साबण बिघडतो.

नुसत्या खोबरेलाचाही साबण होतो. त्याला भरपूर फेस येतो, वडी दगडासारखी होते, पण कातडी कोरडी पडते. तिथे पाच टक्क्यांऐवजी वीस टक्के सोडा कमी करतात, म्हणजे एक किलोला १८३ ऐवजी १४६ ग्रॅम. या साबणाचा एक गुण किनाऱ्यावरच्या माणसाने जाणून घ्यावा. खाऱ्या पाण्यात बाकीचे साबण फुटून त्यांचा चोथा होतो, खोबरेलाच्या साबणाला समुद्राच्या पाण्यातही फेस येतो. जहाजावरचे खलाशी म्हणूनच तो वापरत. ज्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे त्यांनी करून बघावा. साबण करताना मात्र मचूळ पाणी नको, डिस्टिल्ड पाणी घ्यावं.

कृती आणि काळजी

कॉस्टिक सोडा डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. हे भीती घालण्यासाठी नाही, खरंच तसं आहे म्हणून सांगतो. चष्मा, तोही बाजू झाकणारा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. लहान मुलं आणि मांजरं घराबाहेर. खिडकी उघडी. हातावर उडालाच तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचा. लिंबू-व्हिनेगर चोळत बसायचं नाही. डोळ्यात गेला तर डोळा तसाच धुवत ठेवायचा आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा.

सोडा पाण्यात घालायचा, थोडा थोडा. पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. मिश्रण आपोआप कढत होतं, खाली विस्तव नसताना. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, अजिबात नको. सोडा ते भांडं खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. साबणाची भांडी स्वयंपाकात परत आणायची नाहीत, त्यांच्यावर रंगाने खूण करा.

सोड्याचं पाणी आणि तेल, दोन्ही हाताला कोमट लागण्याइतकी आली (हात बाहेरून भांड्याला लावायचा, आत नाही!) की सोड्याचं पाणी तेलात ओतायचं आणि ढवळायचं. रवी चालते, हँड ब्लेंडरने लवकर होतं. मिश्रण पातळ पिठल्यासारखं झालं आणि वरून सोडलेल्या धारेची रेघ क्षणभर दिसू लागली की जमलं. सुगंध, हळद, चंदन जे घालायचं ते आत्ता, आणि बेताने. मग कागद लावलेल्या लाकडी खोक्यात ओतून वर गोणपाट. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या. नुसत्या खोबरेलाचा असेल तर त्याच दिवशी काही तासांत कापा, नाहीतर सुरी लावली की फुटतो.

आणि मग थांबायचं, चार ते सहा आठवडे. वड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून, वारा लागेल अशा सावलीत. मुख्य क्रिया पहिल्या एक-दोन दिवसांत होते, पण पाणी हळूहळू जातं, वडी कठीण आणि सौम्य होते. तोपर्यंत कुणाला द्यायचा नाही, अगदी जावयालासुद्धा नाही.

आपल्याकडे इथे एक अडचण आहे. पावसाळा. साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि वडीला घाम फुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये मालवणात साबण सुकत नाही. पण मागणी येते दिवाळीत, अभ्यंगस्नानाला. दिवाळीसाठी सप्टेंबरात करायला घ्याल तर फसाल. मी एप्रिलच्या सुरुवातीला करतो. मे अखेरपर्यंत तो पक्का होतो, मग कागदात गुंडाळून डब्यात बंद, पावसाआधी. ऑक्टोबरात डबा उघडतो तेव्हा उत्तम असतो. केशरी ठिपके दिसले किंवा खवट वास आला तर तेल बिघडलंय, ती वडी विकायची नाही.

तयार साबणाची तपासणी काहीजण जिभेला लावून करतात, मी ते शिकवत नाही. थोडा फेस करून पीएच कागद बुडवा. खरा साबण अल्कधर्मीच असतो, नऊ-दहाच्या आसपास. अकराच्या वर गेला तर ती खेप बाजूला. साडेपाच पीएचचा खरा साबण असू शकत नाही. तसं लिहिलेली वडी साबण नव्हे, वेगळ्या रसायनांची असते. ती वाईट असते असं नाही, पण नाव वेगळं हवं.

विकायचा झाला तर

या देशात साबणाच्या धंद्याचा पाया विश्वासाचाच आहे. विलायती साबणात प्राण्यांची चरबी असे, ती अनेकांना चालत नसे. आर्देशीर गोदरेजांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास, मुंबईत वनस्पती तेलाचा साबण काढला आणि तो स्वदेशीच्या काळात चालला तो 'आत काय आहे' या एका प्रश्नाच्या उत्तरावर. त्याआधी १९१४ मध्ये मद्रास सरकारने कालिकतला साबणाचं काम सुरू केलं होतं आणि १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानाने बंगळूरला चंदनाच्या साबणाचा कारखाना काढला. पुढे खादी व ग्रामोद्योगाच्या यादीत अखाद्य तेलं आणि साबण हा उद्योग आला, कडुनिंब, करंज, मोह यांच्या तेलांचा. आपल्या किनाऱ्यावर करंज आहे, उंडी आहे. त्यांच्या बिया पडून कुजतात.

आता कायदा. अंगाला लावायचा साबण हा कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्यातल्या व्याख्येत पूर्वी साबण वगळलेला होता, १९८२ च्या दुरुस्तीत ते वगळणं गेलं. आता सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. विक्रीसाठी साबण करायचा तर राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, परवाना लागतो. स्वयंपाकघरात करून चालत नाही, वेगळी, स्वच्छ, धुता येतील अशा भिंतींची जागा लागते. देखरेखीला जाणकार माणूस लागतो. फार्मसीची पदविका, किंवा रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली व्यक्तीही चालते. तुमच्या वाडीत अशी एक तरी मुलगी असेल, तिला गटात घ्या.

वेष्टनावर नाव-पत्ता, घटक, खेपेचा क्रमांक, परवाना क्रमांक, वापराची मुदत, निव्वळ वजन, किंमत हे सगळं हवं. यातल्या वजनाबद्दल एक सूचना. साबण सुकताना हलका होतो. कापताना १२० ग्रॅमची वडी विकताना १०५ भरते. म्हणून वजन सुकल्यावर करायचं आणि छापील आकडा त्याहून थोडा कमी धरायचा. गिऱ्हाइकाला चार ग्रॅम जास्त गेले तर आपण बुडत नाही.

काय लिहायचं नाही, तेही सांगतो. 'केमिकल-फ्री' लिहू नका, पाणीसुद्धा केमिकल आहे आणि कॉस्टिक तर आपण स्वतः घातलंय. 'खरूज जाते', 'डाग जातात' लिहू नका. रोग बरा करण्याचा दावा केला की ती वस्तू औषधाच्या कायद्यात जाते. 'खोबरेल, शेंगदाणा तेल, एरंडेल, पाणी, सोडियम हायड्रॉक्साइड वापरून केलेला साबण' एवढं लिहिलं की पुरे. तारकर्लीला येणारा पर्यटक ते वाचून जास्त विश्वास ठेवेल.

किंमत ठरवताना तेल, सोडा, सुगंध, कागद धराच, पण फुटलेल्या आणि फेकलेल्या वड्या, दीड महिना अडकलेला पैसा आणि स्वतःची मजुरीही धरा. वरच्या मापात शंभर ग्रॅमच्या साधारण बारा वड्या होतात. सगळ्या खर्चाला बाराने भागा. बहुतेक भगिनी मजुरी धरत नाहीत. ती धरल्यावर भाव कारखान्याच्या वडीच्या कितीतरी वर जातो आणि मग घाबरायला होतं. घाबरू नका, पण त्या भावाला गिऱ्हाईक आहे का हे आधी बघा. नसेल तर छंद म्हणून करा, त्यात कमीपणा नाही.

शेवटची गोष्ट, वही. प्रत्येक खेपेची तारीख, तेलाचं वजन, सोड्याचं वजन, कोणत्या दुकानाचा सोडा, कधी कापला, कुणाला दिला. वहिनींच्या बोटांचं कळल्यावर मला बाकीच्या वड्या परत मागवायच्या होत्या. कुणाकुणाला दिल्या तेच आठवेना. चौदा वड्या होत्या, अकरा परत मिळाल्या. तीन कुठे गेल्या मला आजही माहीत नाही. त्या दिवसापासून वही आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*कॉस्टिक न वापरता साबण करता येतो का?*

नाही. बाजारात तयार साबणाची लादी मिळते, ती वितळवून साच्यात ओततात. त्यात कॉस्टिक दुसऱ्या कुणीतरी आधीच वापरलेलं असतं. मुलांबरोबर करायला ते उत्तम आहे. फक्त 'आम्ही साबण बनवला' न म्हणता 'साच्यात ओतला' म्हणावं. आणि विकायचा तर नियम त्यालाही लागू.

*आमच्या गटात दहा बायका. परवाना, जागा, सगळं झेपणार नाही. तोवर ओळखीत विकला तर चालेल का?*

ताई, प्रश्न रास्त आहे आणि मी गोड उत्तर देणार नाही. भेट द्या, घरी वापरा. पैसे घेतले की ती विक्री, दहा वड्यांची असली तरी. दहा बायकांच्या गटाला आणि मोठ्या कारखान्याला एकाच दारातून जावं लागतं हे मला व्यक्तिशः बरोबर वाटत नाही. लहानांसाठी सोपी पायरी हवी आणि ती आपण मिळून मागितली पाहिजे. पण तोपर्यंत दोन वाटा आहेत. पहिली, चार-पाच गटांनी मिळून एक जागा आणि एक परवाना करा, किंवा ज्यांच्याकडे परवानाधारक जागा आहे तिथे 'लोन लायसन्स'वर करा, नियमात तशी सोय आहे. दुसरी, सुरुवात कपड्यांच्या किंवा भांड्यांच्या साबणाने करा. तो अंगाला लावायचा नसल्यामुळे सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येत येत नाही. वेष्टनावरच्या वजन-किमतीचे नियम मात्र त्यालाही आहेत. तळणाचं उरलेलं तेल गाळून त्याचा साबण चांगला होतो. वर्षभर तो करा, हात बसेल, वही भरेल. मग ती वही घेऊन परवान्याला जा.

*तुमच्या वहिनी आता तुमचा साबण वापरतात का?*

(हसून) वापरतात. पण आधी मला वापरायला लावतात, आठवडाभर. मग माझे हात बघतात.